सांगलीतली छोट्यांची गाणं-तबला-चित्रांची शाळा, आमचा अनुभव (साडेचार स्टार)

मुलगी पाच वर्षांची आहे, गेल्या जूनपासून इथे जाते. ताई गाणं शिकवतात आणि त्यांचे मिस्टर तबला, दोघांनी मिळून एक जुना बंगला घेऊन चार ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीच ही शाळा उभी केलीये. गाण्याचे क्लास सांगली-मिरजेत काय कमी आहेत का, गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेक ठिकाणी क्लास मोठ्यांचा आणि लहानांना त्यातच कुठेतरी बसवतात. इथे जागा तयार करतानाच लहान मुलं डोळ्यासमोर ठेवलीयेत, माझे सगळ्यात जास्त मार्क त्यालाच.

आता जागेचंच बघा. जुना हॉल, खाली फरशी, रिकाम्या भिंती, म्हणजे आवाज घुमणारच, आणि घुमणाऱ्या खोलीत दहा पोरं गायला लागली की कुणाचा सूर कुठे चाललाय काही कळत नाही. ताई सांगत होत्या की जो तो भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवा म्हणायचा, पण ट्रेनी आवाज अडत नाही, घुमणं जरासं कमी होतं इतकंच, वर धूळ साठते आणि पुठ्ठा पेटला तर काय घ्या. मग त्यांनी खाली जाड सतरंज्या घातल्या, भिंतींवर गोधड्या लावल्या, दाराच्या फटींना रबरी पट्ट्या मारल्या आणि तबल्याची खोली पार मागे नेली, मधे चित्रांची खोली ठेवून. साधे उपाय आहेत पण फरक खरंच जाणवतो.

तबल्याच्या खोलीत फरशीवर तीनतालाच्या सोळा मात्रांचे (ठोक्यांचे) सोळा चौकोन रंगवलेत. पहिला लाल, पाचवा आणि तेरावा पिवळा, नववा नुसती पांढरी बॉर्डर. मुलं तोंडानी धा धिं धिं धा म्हणत एकेका चौकोनावरून चालतात, लाल-पिवळ्यावर टाळी, नवव्यावर टाळी न देता हात बाजूला, त्या मात्रेला 'खाली' म्हणतात. तबल्याला हात लावायच्या आधीच तीनताल पायात बसतो हो!! माझी मुलगी आता जिना उतरताना पण बोल म्हणते.

सुराचं तर मला फारच पटलं. खूप ठिकाणी शिकवणारे सर त्यांच्या स्वतःच्या पट्टीत (ज्या सुराला सा धरतात ती), म्हणजे पेटीवरच्या काळी एकच्या आसपास गातात आणि पोरांना पण तिथेच गायला लावतात, मग खालच्या सुरांना त्या चिमुरड्यांचा आवाजच निघत नाही. इथे लहान गट त्याहून वरच्या काळी चारच्या आसपास गातो आणि कुणाला जड जातंय वाटलं तर ताई लगेच पट्टी बदलतात.

एक लाकडी झायलोफोन आहे, पट्ट्या काढता येणारा. जर्मनीच्या कार्ल ऑर्फनी मुलांसाठी जी वाद्यं काढली त्यातला प्रकार. म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवल्या की उरतात सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप रागच की! मग मूल कुठेही वाजवू दे, कानाला खटकत नाही, आणि चुकायची भीती नाही म्हटल्यावर लाजरी पोरं पण हात घालतात.

परीक्षांचं विचाराल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक या पहिल्या परीक्षेला ते सात-आठ वर्षांच्या आत बसवतच नाहीत. यावरून काही पालक नाराज असतात, मला मात्र हे अगदी बरोबर वाटतं, पाच वर्षांच्या मुलाला सर्टिफिकेट हवंय कशाला? चित्रांचं पण तसंच, शाडूची माती, पानांचे ठसे, मोठ्या कागदावर हातभर रेघा, असलंच चालू असतं.

आणि मिरज इतकं जवळ असल्याचा फायदा ही माणसं पुरेपूर घेतात. मुलांना सतारमेकरांच्या गल्लीत नेलं होतं, तिथे पंढरपूरकडून येणारे वाळवलेले भोपळे, ते कापून त्याचा तंबोरा कसा होतो, जवारी कशी लावतात (तारेचा आवाज खुलावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून नीट करतात ते), सगळं समोर बसून बघितलं त्यांनी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग (एखाद्या गावच्या खास वस्तूला मिळणारी सरकारी ओळख) मिळाला, आणि ज्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीताची शाळा काढली ते गाणं शिकले होते मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. इतका वारसा दारात असताना आपल्या मुलांनी भोपळा फक्त भाजीत बघायचा का?

अर्धा स्टार कापला तो पावसाळ्यामुळे. चित्रांच्या खोलीत भिंतीला ओल येते, कागद मऊ पडतात, रंग वाळत नाहीत, जुलैमध्ये तर गोधड्यांना पण कुबट वास यायला लागला होता. ओल तबल्याच्या चामड्याला पण चांगली नाही, सर सारखे स्वर लावत बसलेले असायचे. यंदा पावसाच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्याच प्लीज. पार्किंग अजिबात नाही, टू व्हीलरनीच जा.

फी क्लासच्या मानानी थोडी जास्त वाटेल पण एका बॅचला दहाच मुलं घेतात. पहिला तास नुसतं बसून बघू देतात, पैसे घेत नाहीत, जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा, सगळ्यात लहान गट तेव्हा असतो.