डोंगरउतारावर झाडं लावावीत की गवत राखावं? नदीच्या पाण्याचा हिशेब

पाणलोटाचं नियोजन हाती आलं की 'किती झाडं लावायची' असं विचारण्याआधी नदीकडून काय हवंय ते ठरवा. वर्षाचं एकूण पाणी, उन्हाळ्यात टिकणारा प्रवाह की उतारावरची माती? तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

एकूण पाणी हवं असेल तर गवत सरळसरळ पुढे. झाडाची मुळं खोलवरची ओल उपसून पानांवाटे हवेत सोडतात. शिवाय थोडा पाऊस पानांवरच अडतो आणि तिथूनच उडून जातो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा इथे पानझडी जंगल तोडून पाइन लावले, तर सुमारे १५ वर्षांत ओढ्याचा वार्षिक प्रवाह जवळपास २० टक्क्यांनी घटला. पाइनला बारमाही पानं, त्यामुळे हिवाळ्यातही पाऊस अडतो. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८च्या जलकायद्यात तर व्यावसायिक वनलागवड प्रवाह घटवणारं काम म्हणूनच धरली आहे. 'झाडं लावा, पाणी वाढवा' ही घोषणा मला जरा जास्तच गोड वाटते.

याला अपवाद दोन. धुक्यात बुडालेली जंगलं ढगातलं पाणी गाळून घेतात. आणि चराईने दगडासारख्या झालेल्या जमिनीत झाडांमुळे पाणी मुरायला लागतं. तिथे उन्हाळी झरा सुधारू शकतो, पण मुरलेलं पाणी झाडांच्या पिण्याहून जास्त असेल तरच.

माती धरायला मात्र झाडंच. वरवरच्या दरडी मुळं रोखतात, खोलवरून सरकणारा डोंगर नाही.

हवामानबदल आपल्या हातात नाही, पण निवडीचं पारडं तो हलवतो. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून सरी जोरकस आणि जमिनीची ओलही लवकर उडते. बर्फाळ डोंगरांत बर्फाऐवजी पाऊस पडतो, पूर लवकर येतो, उन्हाळ्यात पात्र आटतं. ही वेळ झाडांनी फारशी बदलत नाही. उलट वाढीचा हंगाम लांबला की झाडं जास्त दिवस पितात.

म्हणून कमी पावसाच्या, तापत चाललेल्या खोऱ्यात दाट सदाहरित लागवड मी टाळेन. खडे, उघडे उतार आधी झाडांना द्यावेत, तेही विरळ आणि पानझडी.

आणि खड्डे खणण्याआधी काही वर्षं ओढ्यावर प्रवाह मोजा, शेजारचा एक तसाच ओढा न छेडता ठेवून त्याचाही मोजा. नाहीतर पुढे पाणी घटलं, तर ते पावसामुळे की लागवडीमुळे, हे सांगता येणार नाही.