सेगमेंटेशन फॉल्ट: कोअर डंप घ्यावा की हँडलर लिहावा?

लिनक्सवर चालणारा सी किंवा सी++ मधील प्रोग्रॅम मुभा नसलेल्या मेमरीला हात लावतो, तेव्हा सेगमेंटेशन फॉल्ट होतो आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला ११ क्रमांकाचा सिगसेगव्ही सिग्नल पाठवतो. काहीच तरतूद केलेली नसेल तर प्रोसेस तिथेच संपते आणि शेलमध्ये १३९, म्हणजे १२८ अधिक ११, हा एक्झिट कोड मिळतो. मग कोसळू देऊन कोअर डंप, म्हणजे त्या क्षणाच्या मेमरीची फाइलमध्ये उतरवलेली प्रत, तपासावा, की स्वतःचा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, लिहावा?

कोअर डंपसाठी प्रोग्रॅममध्ये एकही ओळ लिहावी लागत नाही, आणि तरीही कोसळतेवेळची सर्व थ्रेडची स्थिती जीडीबी या डीबगरमध्ये उघडून पाहता येते. मात्र शेलच्या यूलिमिट या कमांडने ठरणारी कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा शून्य असेल तर साधी कोअर फाइल तयारच होत नाही. तयार झालीच तर ती अवाढव्य असू शकते आणि तिच्यात मेमरीतले पासवर्डही जसेच्या तसे उतरतात.

सिगॲक्शन या सिस्टिम कॉलने नोंदवलेल्या हँडलरला चुकलेला पत्ता कळतो आणि त्याची छोटी नोंद लॉगमध्ये टाकता येते. जास्त काही करण्याचा मोह होतो तो इथेच, पण मजकूर छापणारे प्रिंटएफ आणि मेमरी मागणारे मॅलॉक हँडलरमधून वापरणे सुरक्षित नाही. मॅलॉकचे लॉक हातात असतानाच प्रोग्रॅम कोसळला आणि हँडलरने पुन्हा मॅलॉक मागितले, तर प्रोसेस कायमची अडकते. ती मेलेली नसल्यामुळे तिला पुन्हा सुरू करणारी यंत्रणाही गप्प राहते, आणि माझ्या मते हे कोसळण्यापेक्षा वाईट आहे. स्टॅकच, म्हणजे फंक्शन चालायला लागणारी मेमरीच, संपला असेल तर सिगअल्टस्टॅक या कॉलने प्रत्येक थ्रेडला वेगळा स्टॅक दिल्याशिवाय हँडलर चालूच शकत नाही.

सिगलाँगजंप या फंक्शनने हँडलरमधून आधी ठरवलेल्या जागी उडी मारून काम पुढे रेटण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण तोवर कोणता डेटा बिघडला हे सांगता येत नाही. जावाची व्हर्च्युअल मशीन याच सिग्नलवरून नल पॉइंटर ओळखते हे खरे, पण फॉल्ट कोणत्या सूचनेवर (प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनवर) येऊ शकतो हे तिला आधीच ठाऊक असते.

म्हणून सर्व्हरसाठी कोअर डंप हाच पाया ठेवावा. लॉगमध्ये नोंद हवीच असेल तर हँडलरने फक्त राइट हा सिस्टिम कॉल वापरावा, सिग्नलची मूळ वागणूक परत लावावी आणि परतावे. तीच सूचना पुन्हा चालून फॉल्ट येतो आणि कोअर डंप मूळ जागेचाच मिळतो. किल या कमांडने बाहेरून पाठवलेल्या सिग्नलच्या बाबतीत मात्र ती सूचना पुन्हा चुकत नाही, त्यामुळे तिथे हँडलरनेच रेझ हे फंक्शन वापरून स्वतःला सिग्नल पुन्हा पाठवावा.