‘डॉसन्स क्रीक’ : कोणते भाग बघायचे, कोणते सोडायचे आणि कोणती आवृत्ती घ्यायची

सहा सीझन, १२८ भाग, एकेक भाग साधारण पाऊण तासाचा. सलग बघायचं म्हटलं तर ९६ तास लागतात. अमेरिकेत ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवर २० जानेवारी १९९८ ते १४ मे २००३ एवढा काळ चाललेली ही मालिका आज कुणी नव्याने बघायला घेणार असेल, तर त्याला पहिलं सांगणं हेच की सगळी बघू नका. या ९६ तासांच्या पोटात सतरा तासांची एक फार चांगली गोष्ट आहे. छोट्या गावात एकत्र वाढलेले तिघं, दोन मुलगे आणि एक मुलगी, पंधराव्या वर्षी एकमेकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, ती गोष्ट. उरलेल्या तासांत चांगले क्षण आहेत, पण भरताडही पुष्कळ आहे.

गाव केपसाइड. कथेत ते मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या किनाऱ्यावर आहे. प्रत्यक्षात असं गाव नाही. चित्रीकरण बहुतेक सगळं नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात आणि आसपास झालं. खाडी मात्र खरी, आणि ती नुसती देखाव्यापुरती नाही. डॉसन लीरीचं घर खाडीच्या एका बाजूला, जोई पॉटरचं पलीकडे. जोई होडी वल्हवत येते आणि शिडीवरून चढून थेट डॉसनच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरते. पेसी विटर हा दोघांचा तिसरा दोस्त. त्याला ना होडी ना शिडी. पहिल्या भागात तो गंमत करणारा मित्र एवढाच दिसतो. पुढे काय होणार आहे याची चाहूलही लागत नाही, आणि ते बरंच आहे.

बघताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : या मालिकेत त्रिकोण दोन आहेत. पहिला डॉसन, जोई आणि न्यूयॉर्कहून शेजारच्या आजीकडे राहायला आलेली जेन लिंडली यांचा. दुसरा डॉसन, जोई आणि पेसी यांचा. पहिला सोपा आहे. शहरातून नवी मुलगी येते, बालमित्राची नजर तिकडे वळते आणि बालमैत्रिणीला आत कुठेतरी टोचतं. त्यात कुणाचं जुनं काही कायमचं तुटत नाही. दुसऱ्यात हरणारा जो कोणी असेल तो मुलगी तर गमावतोच, पण पाळण्यातल्या वयापासूनचा मित्रही गमावतो. त्यामुळे तिथे प्रत्येक निर्णयाला वजन येतं. निर्माता-लेखक केव्हिन विल्यमसन यानं पहिला त्रिकोण उभा केला. तो दुसऱ्या सीझननंतर बाहेर पडला. दुसरा खऱ्या अर्थानं फुलला तो तिसऱ्या सीझनमध्ये, लेखकांचा प्रमुख झालेल्या ग्रेग बर्लांटीच्या हाताखाली.

पहिल्या सीझनचे १३ भाग. त्यातले चार पुरेत : १, १०, १२ आणि १३. पहिल्या भागात जोई डॉसनला सांगते की आता आपण मोठे झालो, पूर्वीसारखं एकाच पलंगावर झोपणं बरं नाही. सगळी मालिका त्या एका वाक्यातून निघते. दहाव्या भागात पेसी आणि जोईला शाळेच्या एका प्रकल्पासाठी गोगलगायी गोळा कराव्या लागतात आणि पेसीला पहिल्यांदा जोईबद्दल काहीतरी वाटतं. पुष्कळ जण हा भाग विसरतात आणि मग तिसऱ्या सीझनमधलं पेसीचं प्रेम ‘अचानक’ आलं अशी तक्रार करतात. बी इथेच पेरलेलं आहे. बाराव्या भागात जोई बक्षिसाच्या पैशासाठी गावच्या सौंदर्यस्पर्धेत उतरते. तेराव्यात डॉसन-जोईची गाठ पक्की होते.

पेसी आणि त्याच्या शिक्षिकेचं प्रकरण पहिल्या सीझनच्या पूर्वार्धात येतं. पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर प्रौढ शिक्षिकेचे संबंध मालिका सुरुवातीला चक्क रोमँटिक म्हणून दाखवते. ही ठळक चूक आहे, आणि आज ती आणखीच खटकते. मुलांबरोबर बघणार असाल तर पहिल्या भागातच या धाग्याची सुरुवात आहे, तेव्हा त्याबद्दल त्यांच्याशी बोलण्याची तयारी ठेवा. वर दिलेल्या चार भागांच्या वाटेनं गेलात तर त्या प्रकरणाचा बहुतेक भाग आपोआप टळतो.

दुसऱ्या सीझनमधला फक्त शेवटचा, २२ वा भाग बघा. जोईचे वडील गांजाच्या व्यापारात तुरुंगात जाऊन आलेले; ते पुन्हा त्याच वाटेला लागतात. डॉसनच्या आग्रहामुळे जोई अंगावर छुपा मायक्रोफोन लावून त्यांच्याकडून कबुली घेते. नंतर ती डॉसनला माफ करू शकत नाही. या घटनेशिवाय तिसऱ्या सीझनमधली तिची अवस्था समजत नाही, म्हणून तो भाग गाळू नका.

आता तिसरा सीझन. याची सुरुवात वाईट आहे आणि त्याला कारण आहे. विल्यमसन गेल्यावर नवा प्रमुख आणला गेला. त्यानं ईव्ह नावाची एक गूढ मुलगी आणून कथा भलतीकडेच नेली. तो अर्ध्यातच गेला, सूत्रं बर्लांटीकडे आली आणि तो धागाही अर्ध्यात टाकून देण्यात आला. म्हणून पहिला भाग बघा आणि थेट बाराव्यावर जा. पहिला का? कारण त्यात डॉसन स्वतः पेसीला सांगतो की जोईकडे लक्ष ठेव, तिची काळजी घे. लेखनातली ही खरी हुशारी. पेसी चोरून जवळ जात नाही. मित्रानंच सोपवलेलं काम तो इमानानं करतो आणि ते करता करताच प्रेमात पडतो. त्यामुळे पुढे डॉसन ‘तू दगा दिलास’ म्हणतो तेव्हा तो पूर्ण बरोबरही नसतो आणि पूर्ण चूकही नसतो. असल्या कथांमध्ये लेखक बहुधा एका मुलाला वाईट ठरवून मोकळा होतो. इथे तो मोह टाळला आहे.

बाराव्यापासून तेविसाव्यापर्यंतचे बारा भाग एकही न गाळता, क्रमानंच बघा. डॉसन आणि पेसी यांच्या प्रेम करण्याच्या पद्धती किती वेगळ्या आहेत ते याच भागांत दिसतं. डॉसन बोलतो. आपलं नातं किती जुनं, किती खास, आपण एकमेकांसाठीच कसे घडलो, हे तो सुंदर शब्दांत मांडतो. पेसी काहीतरी करतो. पॉटर बहिणींनी घरातच छोटं अतिथिगृह काढलं आहे, गिऱ्हाईक नाही, तर हा परस्पर एका समीक्षकाला बोलावून घेतो. शाळेच्या भिंतीवरचं जोईचं चित्र कुणी विद्रूप करतं, तेव्हा तो तिच्यासाठी एक अख्खी भिंत भाड्यानं घेतो, पुन्हा रंगव म्हणतो. मोडकी नाव घेऊन ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करतो. हे सगळं जोईच्या आधी प्रेक्षकाच्या ध्यानात येतं, आणि तिच्या ध्यानात कधी येणार याची वाट बघण्यातच या भागांची गोडी आहे.

सतराव्या भागाच्या शेवटी, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पेसी जोईचं पहिल्यांदा धडपणे चुंबन घेतो. एकोणिसाव्यात तो तिला आधीच सांगतो की दहा सेकंदांनी मी पुन्हा तुझं चुंबन घेणार आहे, नको असेल तर मला थांबव. त्या काळातल्या तरुणांच्या मालिकांत मुलीला एवढा स्पष्ट अवसर देणारं दृश्य विरळाच. विसावा भाग रचनेच्या दृष्टीनं सगळ्यांत धाडसी : एकच दिवस वेगवेगळ्या पात्रांच्या बाजूनं पुन्हा पुन्हा दाखवला आहे. तीच दृश्यं परत आली की डिस्क अडकली असं समजून पुढे ढकलू नका. प्रत्येक फेरीत काहीतरी नवं कळतं. अखेर बातमी डॉसनला लागते ती जेनच्या तोंडून, नकळत. एकविसाव्यात नौकाशर्यत आहे आणि दोन मित्रांचा राग पाण्यावर उतरतो. तेविसाव्याबद्दल इथे जास्त सांगत नाही. एवढंच, की २४ मे २००० ला प्रक्षेपित झालेल्या त्या भागात जॅक या पात्राचं दुसऱ्या मुलाबरोबरचं चुंबनही आहे, आणि अमेरिकी वाहिन्यांच्या रात्रीच्या मुख्य वेळेत दोन पुरुषांचं असं उत्कट चुंबन त्याआधी दाखवलं गेलं नव्हतं.

चौथ्या सीझनमधले २० आणि २३ हे दोन भाग बघा. यात भांडणाचं मूळ पैसा आणि शिक्षण आहे. जोईला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळतो, फी परवडत नाही, आणि डॉसन त्याला वारसाहक्कानं मिळालेली रक्कम तिला देतो. पेसीला कुठेच प्रवेश नाही. ‘मी हिला पुरा पडत नाही’ ही भावना त्याला आतून पोखरते आणि विसाव्या भागात, शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभात, ती सगळी बाहेर पडते. पेसी साकारणाऱ्या जोशुआ जॅक्सनचा या मालिकेतला सगळ्यांत कसदार अभिनय याच भागात आहे. जोई झालेली केटी होम्सही इथे कमी बोलून जास्त सांगते.

पाचवा आणि सहावा सीझन बॉस्टनमध्ये घडतो आणि तिथे गोष्ट ढिली पडते. लेखक बदलले, पात्रं वाढली, हे झालंच. पण मुख्य कारण जागेचं आहे. केपसाइडमध्ये हे तिघं एकमेकांना टाळूच शकत नव्हते. तीच शाळा, तोच धक्का, तेच व्हिडिओचं दुकान, एकाला कळलं की गावभर झालं. मोठ्या शहरात ज्याला भेटायचं नाही त्याच्यापासून दूर राहता येतं आणि त्रिकोणातला ताण संपतो. याचा पुरावा मालिकेतच आहे : सहाव्या सीझनच्या पंधराव्या भागात पेसी आणि जोई रात्रभर ‘के-मार्ट’ या बंद झालेल्या मोठ्या दुकानात अडकतात आणि एकदम सगळं पुन्हा जिवंत होतं. तो भाग चुकवू नका. त्यानंतर थेट शेवटचे दोन, २३ आणि २४. ते विल्यमसननं परत येऊन लिहिले, कथा पाच वर्षं पुढे जाते, आणि जोई कुणाला निवडते ते तिथे कळतं. दोन्ही भाग एका बैठकीत बघा, कारण ते एकाच रात्री सलग दाखवले गेले होते आणि लेखनही तसंच आहे. जेनच्या वाट्याला यात जे येतं ते जड आहे. जेन साकारणाऱ्या मिशेल विल्यम्सची सगळी ताकद इथे दिसते.

हिशेब असा : ४, १, १३, २, १ आणि २, मिळून २३ भाग. सतरा तासांहून थोडा अधिक वेळ.

आता आवृत्तीचं. इथे लोक फसतात. मूळ प्रक्षेपणात पॉला कोलचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू वेट’ हे शीर्षकगीत होतं. डीव्हीडीवर तिसऱ्या सीझनपासून त्याजागी जॅन आर्डनचं ‘रन लाइक मॅड’ घातलं आहे आणि भागांमधली कितीतरी पार्श्वगीतंही बदलली आहेत. कारण गाण्यांच्या परवान्यांचा खर्च. ही बारीकसारीक गोष्ट नव्हे. ही मालिका त्या काळच्या गाण्यांवर उभी होती. भागाच्या शेवटी कोणत्या गायकाचं संगीत वापरलं तेसुद्धा वाहिनी पडद्यावर सांगायची. चुंबनाच्या प्रसंगी मूळ गाणं हलक्या आवाजात सुरू होऊन दृश्याबरोबर चढत जायचं. त्याजागी दुसरं गाणं चिकटवलं की चढ चुकतो आणि प्रसंग घाईत उरकल्यासारखा वाटतो. स्ट्रीमिंगवरही बराच काळ बदललेलं गीतच होतं. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर पॉला कोलनं स्वतः नव्यानं गायलेलं मूळ शीर्षकगीत परत आलं. तेव्हा स्ट्रीमिंगवर बघणार असाल तर आधी एका भागाची सुरुवात लावून कोणतं गीत वाजतं ते ऐका. पार्श्वगीतं मात्र त्यामुळे परत येत नाहीत.

डिस्क विकत घेणाऱ्यांनी रीजनचा, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालते त्याचा, आकडा बघून घ्यावा. भारत रीजन ५ मध्ये, अमेरिकी डिस्क रीजन १ च्या, ब्रिटिश रीजन २ च्या. साधा प्लेयर दोन्ही नाकारेल. सगळे रीजन चालवणारा प्लेयर लागतो. ब्रिटिश डिस्क पाल या तिकडच्या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या असल्यानं वेग सुमारे ४ टक्क्यांनी जास्त असतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढी लागते. गाणी ओळखीची असतील तर कानाला ते जाणवतं. चित्र मूळचं जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं आहे, तेव्हा रुंद टीव्हीवर ते ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाहीतर चेहरे फुगतात.

संवाद फार वेगवान आहेत. ही पंधरा-सोळा वर्षांची मुलं प्राध्यापकासारखे शब्द वापरतात आणि स्वतःच्या मनाची चिरफाड करत वाक्यामागून वाक्य टाकतात. पहिल्या दोन भागांत ते कृत्रिम वाटेल, आणि ते आहेच. इंग्रजी सबटायटल्स मिळत असतील तर लावून ठेवा. तिसऱ्या सीझनपर्यंत कान सरावतो, आणि मग याच बोलक्या मुलांमधलं कुणी मध्येच गप्प झालं की ते लगेच जाणवायला लागतं.

एकच सीझन घ्यायचा असेल तर तिसरा घ्या. वापरलेली प्रतही चालेल, फक्त सगळ्या डिस्क आहेत ना ते मोजून घ्या. बाकीचे १० भाग स्ट्रीमिंगवर बघता येतील. शेवटच्या दोन भागांची वेगळी डीव्हीडी २००३ मध्येच निघाली होती आणि तीत प्रक्षेपणात नसलेली दृश्यं आहेत. ती स्वस्तात मिळाली तर सोडू नका.