फेरारी एफ३५५ घ्यावी की जुनी होंडा सिव्हिक एसआय?

या दोन गाड्यांची नावं एका दमात घेतली की लोक हसतात. पण १९९९ मध्ये दोन्ही नव्या मिळत होत्या आणि दोन्हींच्या इंजिनांचा स्वभाव सारखाच: जोर हवा असेल तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, वर न्या. फेरारीचं साडेतीन लिटरचं व्ही८ सुमारे ३८० हॉर्सपॉवर देतं, तर उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या सिव्हिक एसआय कूपेचं १.६ लिटरचं इंजिन १६०. लिटरमागे हिशेब केला तर साधारण १०९ विरुद्ध १००. कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीला हे भलतंच आहे.

रस्त्यावर तर सिव्हिकच मला जास्त पटते. ५,६०० आरपीएमच्या आसपास व्हीटेक (वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागतं, आवाज एकदम बदलतो, काटा ८,००० कडे धावतो आणि दुसरा गिअर संपतो तेव्हाही वेग ताशी शंभरच्या आतच असतो. हौसही फिटते, लायसन्सही शाबूत राहतं. एफ३५५ पाच सेकंदांच्या आत शंभरला पोचते. ८,५०० ची रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) तिसऱ्या गिअरमध्ये बघायची तर ट्रॅकच गाठावा लागतो. मात्र सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह असलेल्या त्या व्ही८चा वरच्या पट्टीतला आवाज आणि गिअरच्या दांड्याला वाट देणाऱ्या उघड्या धातूच्या गेटमधून खट्‌कन बसणारा गिअर यांची सर सिव्हिकला कुठून येणार? १९९७ पासून स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारा एफ१ गिअरबॉक्सही मिळायचा. मी तो घेणार नाही.

खरा फरक कळतो तो टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा, बदलताना. सिव्हिकचा बेल्ट कुठलाही जाणता मेकॅनिक इंजिन जागेवर ठेवून बदलतो. एफ३५५ मध्ये त्यासाठी इंजिनच खाली उतरवावं लागतं, तेही दर तीन ते पाच वर्षांनी, गाडी नुसती उभी असली तरी. इंजिन उतरवलंच आहे तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडे आहेत का, व्हॉल्व्ह गाइड झिजलेत का, हेही बघितलं जातं आणि बिल फुगत जातं. बेल्ट तुटला तर दोन्ही गाड्यांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यामुळे चालढकल कुठेच चालत नाही. डॅशबोर्डची चिकट झालेली बटणं त्यामानाने किरकोळ.

एक मोठी सर्व्हिस खरेदीच्याच बजेटमध्ये बसत असेल आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी असेल, तर मॅन्युअल एफ३५५ घ्या, पण सर्व्हिसची कागदपत्रं पाहूनच. कर्ज काढून घेणार असाल तर नकोच.

सिव्हिकची अडचण वेगळी आहे: छेडछाड न झालेली सापडत नाही. अनेकांनी सस्पेन्शन बदलून गाड्या खाली बसवल्या, इंजिनं बदलली, बऱ्याच चोरीला गेल्या. मागच्या चाकांच्या कमानींना आतून बोट फिरवून गंज बघा, व्हीटेक चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडपाशी तेल झिरपतंय का बघा, आणि चेसिसवरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) कागदांशी ताडून पाहा. मूळ इंजिन आणि मूळ सस्पेन्शन असलेली गाडी मिळाली तर पाचपन्नास हजार किलोमीटर जास्त चाललेली असली तरी तीच उचला.