इंच-सुतातून मिलिमीटरकडे: आठ महिन्यांच्या वापरानंतर मापाच्या हत्यारांबद्दल

सुतारकामात इंच सोडून मिलिमीटरवर यायचं ठरलं की पहिला मोह होतो तो एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असलेली टेप घेण्याचा. आठ महिने रोज वापरल्यावर सगळ्यात आधी हेच सांगतो: ती टेप घेऊ नका. घरात असेल तर कामाच्या टेबलापासून लांब ठेवा. अशा टेपवर इंच बहुतेक वेळा वरच्या कडेला असतात आणि मिलिमीटर खाली. त्यामुळे टेप उलटी धरावी लागते, नाहीतर हात पलीकडून आणून खूण करावी लागते. त्यातही डोळा सवयीच्या कडेकडेच जातो आणि डोक्यात रूपांतर सुरू होतं. 1 इंच म्हणजे नेमके 25.4 मिमी, म्हणून पाऊण इंच होतो 19.05 आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175. कागदावर आपण 19 आणि 3 लिहितो. अशी सहा मापं एकापुढे एक आली की ड्रॉवर अडकायला लागतो.

दोन्ही कडांना मिलिमीटर असलेली टेप घ्या. टेबलावरच्या कामाला 3 मीटरची, 16 ते 19 मिमी रुंद पात्याची पुरते. प्लायच्या पूर्ण शीटसाठी 5 मीटरची. पात्यावर रोमन आकड्यात दर्जा छापलेला असतो, तो बघाच. दर्जा दोनला 3 मीटरवर 0.9 मिमीपर्यंत चूक चालते, दर्जा एकला 0.4. म्हणजे दोन चांगल्या टेपाही एकमेकींशी मिलिमीटरभर भांडू शकतात, आणि तरी दोन्ही नियमात बसतात. म्हणून एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप. आकड्यांची छपाईही महत्त्वाची आहे. काही टेपांवर 10, 20, 30 म्हणजे सेंटिमीटर असतात, काहींवर तेच 100, 200, 300 असे मिलिमीटरमध्ये असतात. दुसरी घ्या. सेंटिमीटरवाली वाचताना 67.8 चे 678 करावे लागतात, आणि घाईत 687 लिहिलं जातं ते इथेच.

टेपचं हूक थोडं हलतं ते सैल झालंय म्हणून नाही. ते स्वतःच्या जाडीइतकं सरकायलाच हवं, म्हणजे बाहेरून अडकवून आणि आत टेकवून माप एकच येतं. तपासायला स्टीलची 300 मिमी पट्टी पुरे. हूक पट्टीच्या टोकाला अडकवून 100, 200, 300 च्या रेषा जुळतात का बघा. मग पट्टी आणि टेप दोन्ही एका ठोकळ्याला टेकवून पुन्हा बघा. दोन्ही वेळा जुळलं पाहिजे. टेप हूकवर पडली की हूक वाकतं. ते पक्कडीने सरळ करता येतं, पण रिव्हेटची भोकं लांबट झाली असतील तर ती टेप बारीक कामातून बाद करा. नेमकं माप हवं तेव्हा हूक सोडून 100 च्या रेषेपासून मोजा. 10 पासून मोजू नका: 10 मिमीची चूक नजरेतून निसटते, 100 ची लगेच दिसते.

खरा फायदा मला दिसला तो भागाकारात. आतली रुंदी सव्वाएकोणतीस इंच, त्यात पावणेदोन इंचाच्या चार पट्ट्या सारख्या अंतरावर. इंचात प्रत्येक फट येते 4.45, हा आकडा टेपवर कुठेच नाही, तो 4 7/16 आणि 4 15/32 यांच्या मधे पडतो. आता तेच मिलिमीटरमध्ये: रुंदी 743, पट्ट्या 45 च्या. 743 मधून 180 वजा, भागिले 5, फट 112.6. खुणा एकाच टोकापासून करायच्या: 112.6, 157.6, 270.2, 315.2, 427.8, 472.8, 585.4, 630.4, शेवट 743. फट 113 धरून एकेक पाऊल पुढे गेलात तर शेवटी 2 मिमी जास्त होतात, आणि सगळ्यात शेवटची फट उघडउघड अरुंद दिसते.

या कामाला टेप नको, स्टीलची पट्टी हवी. 150 आणि 300 घ्या, जमलं तर 600 पण. रेषा छापलेल्या नकोत, कोरलेल्या हव्यात. कोरलेल्या रेषेत चाकूचं टोक टेकवलं की ते किंचित अडकतं. तिथून सरळ खाली लाकडावर उतरवा, खूण रेषेबरोबर येते. पृष्ठभाग मॅट असावा, चकचकीत पट्टीवर दिव्याखाली रेषा वाचता येत नाहीत. एका कडेला 1 मिमी आणि दुसऱ्या कडेला 0.5 मिमी अशी पट्टी मिळते, पण अर्ध्या मिलिमीटरच्या रेषा तासाभरात डोळे थकवतात. 1 मिमीच्या दोन रेषांमधला अर्धा भाग डोळा सहज पकडतो, वरच्या खुणांमधले 0.2 किंवा 0.6 असेच अंदाजाने येतात आणि लाकडाला तेवढं पुरतं. पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी धरली की रेषा थेट लाकडाला टेकतात आणि तिरकं बघण्याची चूक जाते.

सरकत्या पात्याचा 300 मिमीचा गुण्या (काटकोन आखायचं हत्यार) घेतलात तर तोच खोली मोजायला आणि कडेला समांतर रेघ मारायलाही चालतो. जुन्या गुण्याला फक्त मिलिमीटरचं पातं घालायचं असेल तर आधी खाचेची रुंदी मोजा, सगळी पाती सगळ्यात बसत नाहीत. काटकोन तपासायचा तर सरळ कडेवरून चाकूने रेघ मारा, गुण्या उलटा करून तिथूनच दुसरी मारा. 300 मिमीवर दोन रेघांत 0.4 फरक आला तर गुण्याची चूक 0.2 आहे, कारण उलटल्यावर चूक दुप्पट दिसते.

कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत धरून जाडी मोजायचं हत्यार, आधी घेऊ नका, पण नंतर नक्की घ्या. 18 चा म्हणून आलेला प्लाय 17.6 भरतो, आणि 18 ची खाच केली तर कप्पा डुगडुगतो. डिजिटलचे 0.01 वाचून लाकडात काही साधत नाही, दमट हवेत फळी त्याच्या कितीतरी पट फुगते. 150 मिमीचा, 0.05 वाचणारा साधा व्हर्नियरही (रेषा जुळवून वाचायचा, बिनसेलचा कॅलिपर) चालेल. डिजिटल घेतलात तर सिल्व्हर ऑक्साइड सेल घाला, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो. 18.00 ऐवजी 0.709 दिसलं तर बटण चुकून इंचावर गेलंय.

पटाश्या बदलायची गरज नाही. फक्त पाव इंची पटाशी 6.35 असते, ती 6 मिमीच्या खाचेत जात नाही. मार्किंग गेजला (कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार) तर आकडेच लागत नाहीत, तो थेट फळीवर टेकवून लावायचा. राउटरच्या, म्हणजे फिरत्या बिटाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत मात्र हयगय नको: 6 मिमी दांड्याचं बिट पाव इंची कॉलेटमध्ये (बिटाचा दांडा धरणारी पकड) कसलं तरी घसरतं, आणि ते धोक्याचं आहे. बिजागऱ्यांच्या 35 मिमी कपासाठी (फळीत बसणारा गोल भाग) बिट 35 चंच हवं. कपाटाच्या आतल्या 5 मिमी भोकांच्या ओळी 32 मिमी अंतरावर आणि पुढच्या कडेपासून 37 वर येतात. हे आकडे इंचात नीट बसतच नाहीत, आणि एवढ्या एका कारणासाठीही बदल करण्यासारखा आहे.

यंत्रांचं राहिलं. टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या) फेन्ससाठी, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या आडपट्टीसाठी, चिकटवायची मिलिमीटर पट्टी मिळते. घेताना आकडे डावीकडून वाढतात की उजवीकडून ते बघा, आणि चिकटवल्यावर एक तुकडा कापून कॅलिपरने मोजून काटा जुळवा. पातं बदललं की पुन्हा जुळवा. पात्याची खाच, म्हणजे कापताना भुशात जाणारी रुंदी, 3.2 असेल तर 2440 च्या शीटचे चार सारखे भाग 610 चे होत नाहीत, 607.6 चे होतात. प्लॅनरची (फळी तासून जाडी कमी करणाऱ्या यंत्राची) पट्टी बदलून मात्र काम अर्धवटच होतं. आतला स्क्रू इंचाला 16 आट्यांचा असेल तर एका फेऱ्यात 1.5875 मिमी सरकतो, फेरे मोजून 1.5 किंवा 2 कधीच मिळणार नाही. तिथे चाक मोजणं सोडा, प्रत्येक वेळी फळीची जाडीच कॅलिपरने बघा.