कार्ड खरं, गाडी खोटी: माझे साडेपंचवीस हजार कसे गेले

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. माझ्या वडिलांनी लालबागला राहून सव्वीस वर्षं पद्मिनी चालवली. ते आता नाहीत. त्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मी फोर्टहून चालत अब्दुल रेहमान स्ट्रीटला गेलो आणि दुकानादुकानात काळीपिवळी खेळण्यातली टॅक्सी विचारत फिरलो. एक मिळाली, प्लास्टिकची, मागे ओढून सोडली की पळणारी. त्याच दुकानात खिळ्यांवर हॉट व्हील्सची, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या धातूच्या गाड्यांची, पाकिटं टांगलेली होती. त्यातल्या तीन घेतल्या. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझं असं सुरू झालं.

लहानपणी माझ्याकडे अशी एकच गाडी होती, तळाला ‘लिओ’ लिहिलेली. चाळीच्या गॅलरीत ती इतकी पळवली की रंग उडून धातू दिसायला लागला होता. हे एवढ्यासाठी सांगतोय की या छंदात शिरणारे आमच्यासारखे बरेचसे लोक कसलीतरी आठवण घेऊन येतात. फसवणारा माणूस आधी तीच ओळखतो.

पुढचं कळायला थोडी माहिती हवी. दुकानात दीडशे-दोनशेच्या आसपास मिळते ती मेनलाइन, प्लास्टिकच्या चाकांची. १९९५ पासून कंपनी याच गठ्ठ्यांत काही ‘ट्रेझर हंट’ गाड्या मिसळते आणि २००७ पासून त्यातही साधी आणि सुपर असे दोन प्रकार आहेत. सुपरला रबरी टायर असतात. रंग पारदर्शक झाक असलेला असतो, खालचा धातू त्यातून चमकतो. अंगावर बारीक ‘टीएच’ अक्षरं असतात. अलीकडच्या वर्षांत कार्डावर, म्हणजे पाकिटाच्या पुठ्ठ्यावर, गाडीच्या मागे ज्वाळेचं गोल चिन्हही छापलेलं असतं: साध्या हंटला रुपेरी, सुपरला सोनेरी. छापील किंमत मेनलाइनचीच, पण एकदा जाणकाराच्या नजरेस पडली की ती खिळ्यावर राहत नाही, हजारांत विकली जाते.

२०२४ मध्ये मी अशा गाड्या जमवणाऱ्यांच्या फोनवरच्या एका ग्रुपमध्ये गेलो. तिथे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांच्याकडून घेतलेल्या पहिल्या तीन गाड्या दादर स्टेशनच्या पुलावर हातात मिळाल्या. गाडी बघायची, मग पैसे द्यायचे. तिन्ही अस्सल होत्या, भावही वाजवी. आणि हा माणूस शिकवायचा. रात्री अकराला फोन करून सांगायचा, भाऊ, अमक्याची सुपर घेऊ नका, तळ बघा, गाडी जोडून ठेवणारा रिव्हेट पोखरलाय. फोटो पाठवायचा, त्यावर लाल गोल करून. हिरव्या चौकड्यांच्या रेक्झिनच्या टेबलक्लॉथवर गाडी ठेवलेली आणि बाजूला टॉर्च, असे त्याचे सगळे फोटो. नकली माल कसा ओळखायचा हे मी त्याच्याकडूनच शिकलो. त्यामुळे त्याचा माल तपासावा असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

मार्च २०२५ मध्ये त्याने हिरव्या झाकेची एक पिकअप दाखवली, सुपर, पाकीटबंद. साडेसात हजार. या वेळी भेट नाही, कुरिअर. गावी निघालोय म्हणाला. पाकीट आलं, मी टॉर्च मारून पाहिलं, गाडीच्या मागे सोनेरी ज्वाळा स्वच्छ दिसत होती. मला तेवढं पुरलं.

जूनमध्ये त्याने मोठी गोष्ट काढली. परदेशातून प्रीमियम गाड्यांची पेटी येतेय, सहा जणांत वाटायची, माझा वाटा अठरा हजार, आगाऊ. कारणं त्याने जी दिली ती सगळी खरी होती, हे मला अजून लागतं. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्कशिवाय खेळणं विकता येत नाही. म्हणून भाऊ, दुकानात हा माल येणारच नाही, असा माणूस धरूनच आणावा लागतो. मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, “अहो, ते राहतात कुठे?” मला सांगता आलं नाही. आडनावही माहीत नव्हतं. तरी मी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीला तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना वास. रविवारी सकाळी कपाट उघडलं तर पिकअपचं पाकीट सुटलं होतं. प्लास्टिकचा फुगा एका बाजूला, कार्ड एका बाजूला, गाडी खालच्या कप्प्यात आडवी. मी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बसलो. कारखान्यात हा फुगा उष्णतेने कार्डाला चिकटवतात. ओढून काढला तर कागदाचा थर सोलून येतो. इथे कडेने पिवळट, बोटाला चिकट लागणारी डिंकाची रेघ होती आणि त्या डिंकाखाली कागद आधीच सोललेला होता. म्हणजे पाकीट पूर्वी एकदा उघडलं गेलं होतं.

मग गाडी उलटी केली. तळाच्या दोन्ही टोकांना जी रिव्हेटची गुळगुळीत टोपी असते, तिथे मधोमध भोक होतं, काळ्या लुकणाने बुजवलेलं. नखाने खरवडलं तर ते निघालं. काचेच्या कडेला हिरव्या रंगाचा ओघळ. ‘टीएच’ अक्षरांभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड, म्हणजे ती नंतर चिकटवलेली. रबरी टायर बोटाने फिरवला तर रिमवरून निसटला. साधी मेनलाइन उघडून, रंगवून, दुसरी चाकं घालून आत बसवली होती. कार्ड मात्र अस्सल सुपरचं होतं. खरी गाडी काढून त्याने सुटी विकली असणार, आणि रिकामं कार्ड मला.

फोन केला. आधी म्हणाला, “पावसाळ्यात होतं असं, भाऊ.” तळाचे फोटो पाठवल्यावर बोलणं बंद. दोन दिवसांनी नंबर बंद, ग्रुपमधूनही तो गेला. पेटी आलीच नाही. बाकीच्या पाच वाटेकऱ्यांचा शोध घेतला, तर दोन नंबर त्याचेच निघाले.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो पैसे पाठवल्याला पाच आठवडे उलटून गेल्यावर. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येते, आता ती बहुतेक पुढे गेली असेल. तशीच गेली होती. सायबर पोर्टलवर तक्रार आहे, पोलीस ठाण्यातही अर्ज दिलाय. पूर्वी ज्याला ४२० म्हणायचो ते आता न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. अजून काही हाती आलेलं नाही. कार्ड, फुगा, गाडी, कुरिअरची पिशवी, सगळं मी तसंच ठेवलंय. तुम्हीही फेकू नका.

आता मी सुपर घेतली तर समोरासमोर घेतो, आणि आधी कार्डाच्या पुढच्या बाजूला नाही, फुग्याच्या खालून टॉर्च मारतो. तळाचे दोन्ही रिव्हेट दिसले पाहिजेत. विकणारा “आधी पैसे, मग तळाचा फोटो” म्हणाला तर मी तिथेच थांबतो. आगाऊ पैसे देऊन काहीही मागवत नाही, मग समोरच्याने आधी दहा गाड्या बिनचूक दिलेल्या असोत.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर कल्याणच्या एका मुलाने फोटो टाकला: सुपर मिळतेय, घेऊ का? विकणाऱ्याचं नाव वेगळं, नंबर वेगळा. गाडीखाली हिरव्या चौकड्यांचं रेक्झिन होतं, बाजूला तोच टॉर्च. मी त्याला लगेच फोन लावला. त्याने दुपारीच चार हजार पाठवले होते, ऐकून तो रडवेला झाला. काय करू काका, म्हणाला. मी म्हटलं, माझ्याशी बोलू नकोस, हा फोन ठेव आणि १९३० लाव, व्यवहाराचा नंबर समोर काढून ठेव. वीस मिनिटांनी त्याचा मेसेज आला, तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला. मी त्याला माझ्या तक्रारीचा क्रमांक आणि त्या टेबलक्लॉथचे माझ्याकडचे सगळे फोटो पाठवून दिले.