जायंट घ्यावी की फायरफॉक्स?

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी सायकलवर नवीन माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, "कुठली?" किती किलोमीटर झाले, ते नंतर. "फायरफॉक्स" म्हटलं तर "हां, सुरुवातीला ठीक आहे." "जायंट" म्हटलं तर मान डोलते. "स्पेशलाइज्ड" म्हटलं की मंडळी भजी सोडून बघायला उठतात.

गंमत अशी, की तैवानच्या जायंटने १९७२ मध्ये सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेतल्या श्विनसारख्या कंपन्यांसाठी, त्यांच्या नावाने सायकली बनवूनच ती मोठी झाली. स्पेशलाइज्डमध्ये तैवानच्याच मेरिडाची भागीदारी आहे. मेरिडा तिच्यासाठी सायकली बनवतेही. पण मेरिडा घेऊन आलात तर कोणी भजी सोडत नाही. फायरफॉक्स २०१५ पासून लुधियानाच्या हीरो सायकल्सकडे आहे. आपल्या ग्रुपमध्ये नाक मुरडतात ते बहुधा 'हीरो' या शब्दाला.

जायंट आणि फायरफॉक्स, दोन्हींच्या हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकली) समोर उभ्या असतील तर आधी फ्रेमचं माप बघा. जायंटमध्ये एकाच मॉडेलची मापं साधारणपणे जास्त मिळतात. उंची पाच-दोन किंवा सहा फूट असेल तर इथेच निकाल लागतो. मी एकदा सेलमध्ये एक माप मोठी सायकल घेतली होती. नाव झकास होतं, पण वर्षभर मान अवघडली.

मग मागचं चाक. गिअर दोन्हीकडे बहुधा शिमानो या जपानी कंपनीचेच, आणि टुर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे ही त्यांच्या दर्जाची चढती भाजणी दुकानदारही सांगेल. तो सहसा सांगत नाही ते हे: मागच्या दातेरी चकत्यांचा संच आट्यांवर फिरवून बसवलेला (फ्रीव्हील) आहे की खाचांवर सरकवून बसवलेला (कॅसेट)? फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, त्यामुळे अ‍ॅक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) बराच भाग आधाराविना असतो. आपलं वजन ऐंशी किलोच्या पुढे आणि रस्ते आपले असले की तो वाकतो. कॅसेटमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाशी असतं. त्याच किमतीत ज्या सायकलला कॅसेट असेल तिला माझे दोन गुण जास्त.

साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो छोटा हँगरही विचारा. सायकल उजव्या अंगाला पडली की तो वाकतो, आणि बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो. "मागवावा लागेल" असं उत्तर आलं तर सायकलीबरोबरच एक जादा घेऊन ठेवा.

राहिली आवड. माझ्याकडे अजून अठ्ठावीस इंची काळी सायकल आहे, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर. चढावर जीव काढते, पण मंडईत मी तीच नेतो. कारण विचाराल तर आवडते, एवढंच. तुम्हालाही जायंटचा निळा रंग आवडला असेल तर तसं म्हणा. फ्रेमच्या धातूचं व्याख्यान नको. नाव आवडलं असेल तरी चालेल, फक्त त्याचे पैसे आपण मोजतोय हे ठाऊक असू द्या.

माझं मत: माप बसत असेल आणि कॅसेट असेल तर फायरफॉक्स घ्या, उरलेल्या पैशांत हेल्मेट, दिवे आणि चांगलं कुलूप. माप बसत नसेल तर जायंट. आणि त्या निळीसाठी तिसऱ्यांदा दुकानात चक्कर मारली असेल, तर मला विचारूच नका.